भागीदारीतील कर्तृत्व : ‘कानविंदे अँड राय’ या वास्तुरचना संस्थेचा चिकित्सक विचार

सारांश

आधुनिक भारतीय वास्तुकलेची समीक्षा प्रामुख्याने एकेका वास्तुरचनाकाराच्या नावाभोवती लिहिली गेली आहे. प्रत्यक्षात मोठ्या वास्तू भिन्न शिक्षण, भिन्न संस्कार आणि भिन्न अभिरुची असलेल्या व्यक्तींच्या सहकार्यातून उभ्या राहतात. प्रस्तुत लेखात कोकणात जन्मलेले वास्तुरचनाकार अच्युत पुरुषोत्तम कानविंदे आणि अभियंता शौकत राय यांनी 1955 मध्ये दिल्लीत स्थापन केलेल्या संस्थेचा या दृष्टीने विचार केला आहे. भागीदारांची पार्श्वभूमी त्यांच्या वास्तूंत कितपत व कोणत्या रूपाने उतरते, तसेच अशा कार्यकारणाचा शोध घेताना समीक्षेने कोणती मर्यादा पाळावी, हे या लेखाचे मुख्य प्रश्न आहेत.

बीजसंज्ञा : वास्तुसमीक्षा, भागीदारी, कर्तृत्व, कानविंदे, शौकत राय, शैक्षणिक परिसररचना.

1. प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बीबी का मकबरा ही वास्तू ताजमहालाची प्रतिकृती म्हणून सर्वत्र ओळखली जाते. या तुलनेच्या ओझ्याखाली तिचे एक वैशिष्ट्य दुर्लक्षित राहिले आहे. मकबऱ्याच्या मुख्य प्रवेशद्वाराच्या पितळी दरवाज्यावरील लेखात वास्तुरचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय अशी दोन नावे कोरलेली आहेत. रचना करणारा आणि बांधकाम सिद्धीस नेणारा अशा दोघांचाही निर्देश तेथे एकत्र आढळतो. याउलट याच जिल्ह्यातील वेरूळच्या कैलास लेण्याच्या बाबतीत आश्रयदाता राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याचे नाव इतिहासाला ठाऊक आहे, परंतु शिल्पीचे नाव नाही. बडोदा येथील ताम्रपटात आपल्याच निर्मितीने विस्मित झालेल्या शिल्पीचा उल्लेख येतो. त्याचा विस्मय नोंदविला गेला, नाव मात्र नोंदविले गेले नाही.

वास्तूचा कर्ता कोण, या प्रश्नाची तीन उत्तरे परंपरेत दिसतात : आश्रयदाता, अनाम शिल्पी आणि नामनिर्देशित सहकारी. आधुनिक काळाने चौथे उत्तर पुढे आणले, ते म्हणजे एकटा प्रतिभावंत वास्तुरचनाकार. विसाव्या शतकातील भारतीय वास्तुकलेचा इतिहास चार्ल्स कोरिया, बाळकृष्ण दोशी, राज रेवाल, अच्युत कानविंदे अशा नावांच्या मालिकेतून सांगितला जातो. या मांडणीमुळे वास्तूचे वाचन सोपे होते, परंतु तिच्या निर्मितीची प्रक्रिया झाकली जाते. दोशी यांनीही जोसेफ ॲलन स्टाइन आणि जयरतन भल्ला यांच्यासमवेत भागीदारी केली होती, हे अनेकदा तळटीपेपुरतेच उरते. कानविंदे यांच्या बाबतीत तर संस्थेच्या नावातच दुसरे नाव आहे. तरीही समीक्षेत ‘कानविंदे यांची वास्तू’ असाच उल्लेख रूढ झाला आहे. हे दुसरे नाव गांभीर्याने घेतल्यास वास्तूंच्या आकलनात काय फरक पडतो, हे पाहणे आवश्यक आहे.

2. कानविंदे यांची जडणघडण : चित्र, मोजमाप आणि पद्धती

अच्युत कानविंदे यांचा जन्म 1916 मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आचरे या गावी झाला. बालपणीच आईचे छत्र हरपले. वडील चित्रकार व चित्रकला-शिक्षक होते. कोकणातील उतरती छपरे, अंगण, ओटी-पडवी आणि झाडीत विखुरलेली घरे यांचा संस्कार त्यांच्यावर झाला असणार असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि अशा विधानांबाबत समीक्षेने सावध राहावयास हवे. जन्मगाव म्हणजे शैली, हे समीकरण वास्तूंच्या कसोटीवर फारसे टिकत नाही. कानविंदे यांच्या प्रारंभीच्या कामात कोकणचे घर शोधूनही सापडत नाही. वडिलांच्या व्यवसायातून आलेली चित्रकाराची नजर, म्हणजे घनाकार, छाया-प्रकाश आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवरील बाह्यरेषा यांचे भान, मात्र त्यांच्या उत्तरकालीन कामात स्पष्टपणे दिसते.

त्यांचे वास्तुकलेचे शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. त्या काळी तेथील वास्तुकला विभागाची धुरा क्लॉड बॅटली यांच्याकडे होती. बॅटली हे स्वतः ‘ग्रेगसन, बॅटली अँड किंग’ या मुंबईतील प्रसिद्ध संस्थेचे भागीदार होते. जुन्या भारतीय वास्तूंची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन आरेखने करणे हा त्यांच्या अध्यापनाचा कणा होता. वास्तूसमोर उभे राहून तिचे प्रमाण हाताने उतरविणारा विद्यार्थी परंपरेकडे अलंकरणाचा साठा म्हणून पाहत नाही. भिंतीची जाडी, छज्जाची खोली आणि चौकाचे प्रमाण यांमागील व्यवहारज्ञान त्याला समजू लागते.

यानंतर कानविंदे यांनी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत (सीएसआयआर) प्रवेश केला आणि शासनाने त्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठविले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी वॉल्टर ग्रोपियस यांच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन केले. येथे एक महत्त्वाचा अंतर्विरोध लक्षात येतो. बॅटली यांच्या अध्यापनात इतिहास हा पाया होता, तर ग्रोपियस यांच्या अभ्यासक्रमात इतिहासाला जवळजवळ स्थान नव्हते. तेथे गरजेचे विश्लेषण, तंत्र, साधनसामग्री आणि सामूहिक कार्यपद्धती यांवर भर होता. 1945 मध्येच ग्रोपियस यांनी सात तरुण वास्तुरचनाकारांसह ‘द आर्किटेक्ट्स कोलॅबरेटिव्ह’ ही संस्था स्थापन केली होती. तिच्या नावात एकाही व्यक्तीचे नाव नव्हते, आणि सात सहकाऱ्यांपैकी दोन स्त्रिया होत्या. कानविंदे हार्वर्डमध्ये शिकत असतानाच त्यांचे गुरू एकट्या प्रतिभावंताच्या कल्पनेला व्यवहारात नकार देत होते. हार्वर्डच्या वारशाची चर्चा सपाट छपरे आणि काटकोनी घनाकार यांपुरती मर्यादित ठेवणारी समीक्षा या कार्यपद्धतीच्या वारशाकडे दुर्लक्ष करते.

3. भागीदारीपूर्व वास्तू : ‘अटिरा’

मायदेशी परतल्यावर कानविंदे यांनी सीएसआयआरचे मुख्य वास्तुरचनाकार म्हणून काम केले. स्वतंत्र भारतात प्रयोगशाळा ही नव्या राष्ट्राची प्रातिनिधिक वास्तू ठरत होती. या काळातील त्यांची सर्वाधिक चर्चिली गेलेली वास्तू म्हणजे अहमदाबाद येथील वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची, अर्थात ‘अटिरा’ची इमारत. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेची इमारत 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात पूर्ण झाली.

‘अटिरा’ची भाषा हार्वर्डची आहे. आडवे पसरलेले काटकोनी घनाकार, कामानुसार विभागलेले भाग, अलंकरणाचा पूर्ण अभाव आणि प्रमाणांचा संयम ही तिची वैशिष्ट्ये होत. वास्तू नेटकी व बुद्धिनिष्ठ आहे. परंतु तिच्यातील संरचना, म्हणजे खांब व तुळयांचा सांगाडा, अर्थाचा वाहक बनत नाही. तो पृष्ठभागाच्या आड राहतो. आकार प्रथम ठरतो आणि सांगाडा त्याला आधार देतो, असा या रचनेचा क्रम जाणवतो. उत्तरकालीन वास्तूंशी तुलना करण्यासाठी हा मुद्दा ध्यानात ठेवणे उपयुक्त आहे, कारण ‘अटिरा’ ही शौकत राय यांच्याशी भागीदारी होण्यापूर्वीची आहे.

4. शौकत राय आणि सांगाड्याचा उदय

1955 मध्ये ‘कानविंदे अँड राय’ ही संस्था अस्तित्वात आली. शौकत राय हे अभियंता होते. दोन वास्तुरचनाकारांची भागीदारी बहुधा कामाच्या वाटणीसाठी असते. वास्तुरचनाकार आणि अभियंता यांची भागीदारी मात्र कामाचा क्रमच बदलते. सल्लागार म्हणून बाहेरून येणाऱ्या अभियंत्यापुढे रेखाटन ठेवले जाते आणि ते उभे राहील किंवा नाही एवढेच विचारले जाते. भागीदार असलेला अभियंता पहिल्या रेघेपासून चर्चेत असू शकतो. खांबांमधील अंतर, पाणी व हवा यांच्या वाहिन्यांची जागा, पुढील विस्ताराची दिशा हे प्रश्न आकाराआधी किंवा आकारासोबत विचारात घेण्याची संधी त्यामुळे मिळते.

कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा परिसर हे या बदलाचे ठळक उदाहरण होय. ही संस्था 1959 मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले संचालक डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर हे होते आणि नऊ अमेरिकन विद्यापीठांच्या समूहाचे सहकार्य तिला लाभले. 1960 च्या दशकात उभ्या राहिलेल्या या परिसराचा शैक्षणिक गाभा एकमेकांना जोडलेल्या इमारतींचा आहे. ग्रंथालय, व्याख्यानगृहे, अध्यापकांची इमारत आणि प्रयोगशाळा यांना उन्नत, आच्छादित पादचारी मार्गांनी गुंफले आहे. वाहनांची वर्दळ गाभ्याबाहेर ठेवलेली आहे. उत्तर भारतातील उन्हाळ्यात एका विभागातून दुसऱ्या विभागात जाणाऱ्या विद्यार्थ्याला सावली मिळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भिन्न विद्याशाखांचे विद्यार्थी व अध्यापक एकाच वाटेवर समोरासमोर येतात. आंतरविद्याशाखीयतेचा उच्चार अभ्यासक्रमात पुष्कळ होतो. येथे तिला चालण्याची वाट दिली आहे.

या इमारतींत काँक्रीटचा सांगाडा उघडा आहे आणि त्याच्या चौकटीत विटांची भिंत भरलेली आहे. भार कोण वाहतो आणि जागा कोण बंद करतो, हे पाहणाऱ्याला बाहेरूनच कळते. ‘अटिरा’त पृष्ठभागाआड असलेला सांगाडा येथे वास्तूची भाषा झाला आहे. चौकटीच्या पुनरावृत्तीमुळे इमारत पूर्ण झाली तरी तिचे व्याकरण खुले राहते आणि पुढील विस्तार त्याच व्याकरणात करता येतो.

या बदलाचे सर्व श्रेय राय यांच्या खात्यावर जमा करणे मात्र एकनायकी समीक्षेचीच दुसरी आवृत्ती ठरेल. 1950 च्या दशकात ल कॉर्बूझिए यांचे चंदीगड आणि अहमदाबाद येथील उघडे काँक्रीट भारतीय वास्तुरचनाकारांसमोर होते. पोलादाची टंचाई, विटांची उपलब्धता आणि कमी कुशल मजुरांकडून करून घ्यावयाचे बांधकाम हीदेखील कारणे होती. म्हणून एवढेच म्हणता येईल की, काळाने उपलब्ध करून दिलेली भाषा या संस्थेने ज्या शिस्तीने वापरली, त्या शिस्तीशी अभियंत्याच्या कायम सहभागाचे नाते जुळते. चंदीगडच्या काँक्रीटमध्ये शिल्पाचा आवेश आहे, तर कानपूरच्या काँक्रीटमध्ये हिशेबाचा संयम आहे. हा फरक वृत्तीचा असला तरी कार्यपद्धतीचाही आहे.

5. मेहसाणा : दोन अभिरुचींचा संगम

भागीदारीचे सर्वांत परिपक्व फळ म्हणून गुजरातमधील मेहसाणा येथील दूधसागर डेअरीचा निर्देश करावा लागेल. 1970 च्या दशकाच्या प्रारंभी ही वास्तू उभी राहिली. दुग्धप्रक्रियेचा कारखाना हा वास्तुसमीक्षेच्या दृष्टीने सामान्यतः दुय्यम विषय मानला जातो. येथे मात्र प्रक्रियाच रचनेचे मूळ झाली आहे. दूध वरच्या पातळीवर नेऊन प्रक्रियेच्या टप्प्यांतून गुरुत्वाकर्षणाने खाली आणण्याची योजना असल्याने इमारत उभ्या दिशेने रचली गेली. यंत्रांमुळे निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्यासाठी उंच वायुवाहिन्या छपराच्या वर काढण्यात आल्या. या वायुवाहिन्यांच्या तिरप्या माथ्यांचा समूह आकाशरेषेवर उमटतो आणि दुरून पाहणाऱ्याला एखाद्या दुर्गाची किंवा मंदिरसमूहाची आठवण होते.

वायुवाहिनी ही अभियंत्याची गरज आहे. तिचा माथा तिरपा असावा, तिच्या उंचीत लय असावी आणि समूहाची बाह्यरेषा आकाशात नीट उमटावी, ही चित्रकाराच्या मुलाची नजर आहे. येथे दोहोंपैकी एक वजा केल्यास वास्तू शिल्लक राहत नाही. केवळ पहिली असती तर उत्तम कारखाना झाला असता; केवळ दुसरी असती तर निरर्थक मनोऱ्यांची सजावट झाली असती. भागीदारांच्या पार्श्वभूमीचा शोध घेण्याचे समीक्षात्मक प्रयोजन अशा ठिकाणी सिद्ध होते. चरित्र वास्तूचे कारण सांगते असे नव्हे, परंतु वास्तूमधील दोन भिन्न स्वरांना ओळखण्यास ते कानांना तयार करते.

मुंबईतील वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात हीच विचारसरणी वेगळ्या गरजेला लावली गेली. 1985 मध्ये हे केंद्र पूर्ण स्वरूपात खुले झाले. प्रदर्शन-दालनांना बंद भिंती आणि नियंत्रित प्रकाश लागतो. त्यामुळे उभ्या मनोरेवजा घनाकारांचा समूह येथेही रचनेचा आधार झाला. मेहसाणा येथे यंत्राने मागितलेला आकार वरळीत प्रेक्षकांसाठी वापरला गेला. तेथे तो तितका अपरिहार्य वाटत नाही, हे नोंदविणे आवश्यक आहे. कार्यातून जन्मलेला आकार पुढे शैली होतो आणि शैली झाल्यावर त्याचे कार्य सैल होते, हा धोका या संस्थेलाही पूर्णतः टाळता आलेला नाही.

6. लेखन, अध्यापन आणि अभिरुचीचे स्थित्यंतर

कानविंदे यांची अभिरुची केवळ वास्तूंतून व्यक्त झाली नाही. 1959 मध्ये ललित कला अकादमीच्या वतीने दिल्लीत झालेल्या वास्तुकलाविषयक चर्चासत्राचे संयोजन त्यांनी केले. स्वतंत्र भारताची वास्तुकला कोणत्या वाटेने जावी, या प्रश्नावर देशातील वास्तुरचनाकार तेथे एकत्र आले होते. 1969 मध्ये एच. जेम्स मिलर यांच्या सहलेखनाने त्यांनी भारतातील शैक्षणिक परिसररचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. हा ग्रंथही सहकार्यातून झाला, ही बाब बोलकी आहे. विद्यापीठाचा परिसर म्हणजे सुट्या इमारतींची बेरीज नसून अंतरे, सावली, भेटीची ठिकाणे आणि वाढीची दिशा यांची व्यवस्था आहे, हा विचार कानपूरमध्ये प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. बंगळूर येथील कृषी विज्ञान विद्यापीठ आणि पुणे येथील राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था ही या संस्थेची परिसररचनेतील अन्य कामे होत.

उत्तरायुष्यात या अभिरुचीला वेगळे वळण मिळाले. 1998 मध्ये दिल्लीत पूर्ण झालेल्या इस्कॉन मंदिराची रचना कानविंदे यांची आहे. ग्रोपियस यांच्या शिष्याने शिखरांचे मंदिर उभारावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. काहींच्या मते ही आधुनिकतेशी फारकत होती. परंतु बॅटली यांच्या वर्गातील मोजमापांची आरेखने विचारात घेतल्यास हे वळण तितके अनपेक्षित राहत नाही. प्रयोगशाळेच्या गरजेने दडविलेला पहिला संस्कार मंदिराच्या गरजेने वर आणला, असा याचा अर्थ लावता येईल. तरीही गुणवत्तेचा निर्णय संस्काराच्या खुलाशाने होत नाही. मेहसाणा येथील मनोरे मंदिराची आठवण करून देतात, कारण ते मंदिर होऊ पाहत नाहीत. दिल्लीच्या मंदिरात शिखर हे अपेक्षितच आहे आणि म्हणून त्या आकाराकडून नवा अर्थ मिळण्याची शक्यता उणावते.

2002 मध्ये कानविंदे यांचे निधन झाले. संस्था ‘कानविंदे, राय अँड चौधरी’ या नावाने पुढे चालू राहिली. संजय कानविंदे, बी. के. तनुजा आणि मुराद चौधरी या पुढील पिढीतील भागीदारांनी तिची धुरा सांभाळली. या पिढीने केलेले एक काम येथे विशेष महत्त्वाचे आहे. कानविंदे यांची रेखाटने, लेखन व प्रकल्पांचे दस्तऐवज संकलित करून 2017 मध्ये ‘आकार’ हा ग्रंथ सिद्ध करण्यात आला. भारतात वास्तुरचना संस्थांचे दस्तऐवज बहुधा कार्यालय बंद होताच नष्ट होतात. त्या पार्श्वभूमीवर भागीदारीचे सातत्य हे स्मृतीचेही साधन ठरते. अर्थात या स्मृतीच्या केंद्रस्थानीही पुन्हा एकच नाव आहे. शौकत राय यांच्या वाट्याचा स्वतंत्र अभ्यास अद्याप अपेक्षित आहे.

7. कर्तृत्वाची नोंद आणि वास्तूंचे भवितव्य

कर्तृत्वाची नोंद हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ ही 1972 ची वास्तू वास्तुरचनाकार राज रेवाल आणि संरचना अभियंता महेंद्र राज यांच्या सहकार्यातून उभी राहिली होती. काँक्रीटच्या त्रिमितीय जाळीने मोठे अंतर व्यापणारी ही रचना जगभर अभ्यासली जात होती. एप्रिल 2017 मध्ये ती पाडण्यात आली. साठ वर्षांहून कमी वयाची वास्तू वारसा ठरत नाही, असा निकष त्या वेळी पुढे करण्यात आला. वास्तूचे मूल्य केवळ दर्शनी रूपात आणि वयात मोजले गेले की, तिच्या पोटातील संरचनेचे ज्ञान हिशेबात येत नाही. ज्याचे नाव नोंदले जात नाही त्याचे ज्ञानही जपण्यायोग्य मानले जात नाही.

मराठवाड्यातील उच्च शिक्षणाच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली, आणि 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. त्यानंतरच्या दशकांत या शहरात महाविद्यालयांचे अनेक परिसर उभे राहिले. साधारणतः कोनशिलेवर उद्घाटक, अध्यक्ष आणि पदाधिकारी यांची नावे असतात; वास्तू रचणाऱ्यांचे आणि तिचा सांगाडा मांडणाऱ्यांचे नाव अभावानेच आढळते. परिणामी जुन्या इमारतीवर मजला चढविताना, व्हरांडे बंद करून खोल्या काढताना किंवा दोन इमारतींमधील मोकळी जागा भरताना मूळ विचार कोणता होता हे विचारण्याची सोयच उरत नाही. व्हरांडा हा वाया गेलेला चौरस फूट नसून उन्हाळ्याविरुद्धची योजना होती, हे सांगणारा कागद कार्यालयात नसतो. ग्रंथालयात प्रबंध जपणाऱ्या संस्थांनी स्वतःच्या इमारतींचे नकाशे, संरचनेची गणिते आणि संबंधितांची नावे जपावीत, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

8. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला, वास्तुरचनाकाराची पार्श्वभूमी त्याच्या शैलीचे थेट कारण नसते. कानविंदे यांच्या बाबतीत चित्रकाराचे घर, बॅटली यांचे मोजमाप आणि ग्रोपियस यांची पद्धती हे तीन संस्कार निरनिराळ्या वास्तूंत निरनिराळ्या प्रमाणात कार्यरत झालेले दिसतात, आणि कोणता संस्कार वर यावा हे बहुतांशी कामाच्या गरजेने ठरविले. दुसरा, ‘अटिरा’ आणि कानपूर यांमधील अंतर हे संरचनेला मिळालेल्या स्थानाचे अंतर आहे. कालप्रवाहाचा वाटा मान्य करूनही अभियंता-भागीदाराचा विचार केल्याशिवाय त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण देता येत नाही. तिसरा, संस्थेचे सर्वोत्तम काम तेथे घडले जेथे दोन अभिरुची परस्परांवर अवलंबून राहिल्या. जेथे आकार स्वतंत्र झाला तेथे तो काहीसा दुबळा झाला.

भागीदारीची समीक्षा म्हणजे श्रेयाची टक्केवारी ठरविणे नव्हे. मेहसाणा येथील मनोऱ्यात अभियंत्याचा वाटा किती आणि चित्रकाराचा किती, हे मोजता येत नाही आणि मोजण्याचे कारणही नाही. दोघांचीही नावे मात्र लिहिता येतात. सतराव्या शतकात मकबऱ्याच्या दरवाज्यावर जे लिहिणे शक्य झाले, ते आजच्या कोनशिलांना, अभ्यासक्रमांना आणि समीक्षेला अशक्य असण्याचे कारण नाही.